थेरप्यूटिक समर कॅम्पचा खर्च: आधी फीचे तुकडे करा, मग मदत मागा

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जूनमध्ये बंद झालेली शाळा उघडते ती थेट ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात. ज्या घरात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा एखादा गंभीर आजार असलेलं मूल आहे, तिथे हे दोन-अडीच महिने कसे जातात ते त्या घरालाच ठाऊक. शाळेतली थेरपी थांबते, महत्प्रयासाने बसलेली घडी विस्कटते. भारतातून आलेले आजी-आजोबा नातवाला जीव लावतात, पण स्पीच थेरपी काही त्यांच्याकडून होत नाही. अशा मुलांसाठी चालणारे थेरप्यूटिक समर कॅम्प इथे भरपूर आहेत. अडतं ते फीपाशी. साध्या कॅम्पपेक्षा ही फी बरीच जास्त असते, कारण मुलांमागे माणसं जास्त लागतात, नर्स लागते, थेरपिस्ट लागतात.

मी न्यू जर्सीत राहते आणि ओळखीतल्या मराठी कुटुंबांना हे अर्ज भरायला मदत करते. बहुतेक जण विचारतात, ‘कॅम्पसाठी ग्रँट कुठे मिळते?’ सगळा खर्च उचलणारी एकच ग्रँट क्वचितच मिळते. कॅम्पच्या फीत चार-पाच वेगवेगळे खर्च एकत्र बांधलेले असतात आणि प्रत्येकाचा पैसे देणारा वेगळा असतो. गाठोडं सोडलं की वाट दिसते.

पहिली पायरी: बिल फोडून मागा

कॅम्पच्या ऑफिसला ईमेल करा आणि फीचा तपशील मागा. मूळ फी किती, मुलासाठी स्वतंत्र माणूस, म्हणजे वन-टू-वन एड, लागला तर त्याचे किती, थेरपीचे तास किती आणि ते लायसन्स असलेला थेरपिस्ट घेतो का, राहण्या-जेवणाचे किती, बसचे किती.

समजा सहा आठवड्यांच्या डे कॅम्पची मूळ फी ४,८०० डॉलर आहे, एडचे ३,६०० आणि थेरपीच्या तासांचे १,५००. नुसती बेरीज पाहिली तर ९,९०० चा आकडा अंगावर येतो. पण एडचे पैसे राज्याच्या योजनेतून निघू शकतात, थेरपीचे इन्शुरन्समधून, मूळ फीचा काही भाग कॅम्पच्याच मदतनिधीतून आणि उरलेल्यातला बराचसा करमुक्त पैशातून. प्रत्येक वेळी सगळं जमेलच असं नाही, पण निम्मा भार हलका होताना मी पाहिला आहे.

याच ईमेलमध्ये आणखी दोन प्रश्न विचारून टाका. ‘तुम्ही राज्याच्या यादीतले प्रोव्हायडर आहात का?’ आणि ‘मागच्या वर्षी कॅम्परशिप दिली होती का?’ कॅम्परशिप म्हणजे कॅम्पची शिष्यवृत्ती. वेबसाइटवर हा शब्द नसला तरी विचारायचंच. बऱ्याच ठिकाणी असा निधी असतो, त्याची जाहिरात नसते इतकंच.

दुसरी पायरी: जिथे फीच नाही, ते कॅम्प आधी बघा

अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ मध्ये कनेक्टिकटमधल्या ॲशफर्डला ‘होल इन द वॉल गँग कॅम्प’ सुरू केला. कॅन्सर, सिकल सेल, हिमोफिलिया अशा आजारांच्या मुलांना एक आठवडा मनसोक्त खेळता यावं, ही कल्पना. त्यातूनच ‘सीरियसफन चिल्ड्रन्स नेटवर्क’ उभं राहिलं. न्यू यॉर्कमध्ये लेक लुझर्नचा ‘डबल एच रँच’, फ्लोरिडात ‘कॅम्प बॉगी क्रीक’, कॅलिफोर्नियात ‘द पेंटेड टर्टल’, ओहायोत ‘फ्लाइंग हॉर्स फार्म्स’, नॉर्थ कॅरोलायनात ‘व्हिक्टरी जंक्शन’ हे सगळे त्यातलेच. कुठेही मुलाच्या कुटुंबाकडून फी घेत नाहीत. उत्पन्न कितीही असो, आयटीतली दोन पगारांची कुटुंबंही अर्ज करू शकतात. अट आजाराची आणि वयाची असते आणि ती प्रत्येक कॅम्पची निराळी. फक्त ऑटिझम असेल तर बहुतेक आठवड्यांत पात्रता बसत नाही, त्यामुळे आधी यादी नीट वाचा.

मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखे स्नायूंचे आजार असलेल्या ८ ते १७ वर्षांच्या मुलांना मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशनचा कॅम्प पूर्ण मोफत आहे. न्यू जर्सीत एल्क्स या सेवाभावी संघटनेचा हॅस्केलमध्ये ‘एल्क्स कॅम्प मूर’ आहे. दिव्यांग मुलांसाठीच्या या कॅम्पचा खर्च एल्क्सच उचलतात. टाइप वन डायबेटिसच्या मुलांसाठी स्टिलवॉटरचा ‘कॅम्प नेजेडा’ १९५८ पासून चालू आहे. तो मोफत नाही, पण आर्थिक मदत देतो.

‘मोफत आहे म्हणजे तसलाच असेल’ हा आपला ठेवणीतला संशय इथे बाजूला ठेवा. यातल्या कित्येक ठिकाणी वैद्यकीय सोय महागड्या खासगी कॅम्पपेक्षा सरस असते.

तिसरी पायरी: शाळेचा हक्क सोडू नका

मुलाचा आयईपी, म्हणजे शाळेने आखलेला विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा, असेल तर उन्हाळ्यातली थेरपी शाळेकडूनच मिळू शकते. तिला एक्स्टेंडेड स्कूल इयर, म्हणजे ईएसवाय म्हणतात. केंद्राच्या आयडीईए या विशेष शिक्षणाच्या कायद्याखालची ही सोय आहे आणि तिला फी नाही. सुट्टीत मूल शिकलेलं विसरतं का आणि पुन्हा रुळावर यायला त्याला किती वेळ लागतो, हा मुख्य मुद्दा असतो. एवढाच निकष नाही, पण मीटिंगमध्ये याचीच चर्चा सर्वांत जास्त होते. म्हणून नाताळच्या सुट्टीनंतर काय काय मागे पडलं ते तारखेसह लिहून ठेवा. ‘जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जेवणं बंद, पूर्ववत व्हायला तीन आठवडे’ अशी एक ओळ आयईपीच्या मीटिंगमध्ये मोठ्या भाषणापेक्षा जास्त काम करते.

शाळा शक्यतो खासगी कॅम्पची फी देत नाही. पण सकाळी ईएसवाय आणि दुपारी कॅम्प अशी सांगड घातली तर कॅम्पचे तास आणि फी दोन्ही कमी होतात. वाहतूक आयईपीत लिहिलेली असेल तर ईएसवायची बसही मिळते. शाळेने नकार दिला तर तो लेखी मागा. त्या पत्राला प्रायर रिटन नोटिस म्हणतात आणि ते देणं शाळेवर बंधनकारक आहे.

चौथी पायरी: राज्याचा पैसा

इथे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे टेक्सासच्या मैत्रिणीचा सल्ला न्यू जर्सीत चालत नाही.

न्यू जर्सीत २१ वर्षांखालच्या मुलांचं काम चिल्ड्रन्स सिस्टिम ऑफ केअर हा विभाग पाहतो आणि त्याच्या वतीने अर्ज हाताळते परफॉर्मकेअर. मूल ‘डीडी एलिजिबल’, म्हणजे विकासात्मक अपंगत्वासाठी पात्र ठरलेलं असेल, तर कॅम्पच्या फीसाठी आणि वन-टू-वन एडसाठी मदत मागता येते. मात्र या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी पात्रतेचा अर्ज करायचा, त्याला डॉक्टरांचे आणि शाळेचे मूल्यमापन अहवाल जोडायचे, निकालाची वाट पाहायची आणि मग कॅम्पचा अर्ज करायचा. लोक नेमके इथे चुकतात: एप्रिलमध्ये कॅम्पचा अर्ज उघडतात आणि पात्रताच झालेली नसते. पात्रतेचं काम उन्हाळ्याची वाट न पाहता आजच सुरू करा.

कॅलिफोर्नियात २१ रीजनल सेंटर आहेत. लॅन्टरमन कायद्याखाली ती विकासात्मक अपंगत्व असलेल्यांना सेवा देतात आणि त्यासाठी व्हिसा किंवा नागरिकत्व विचारत नाहीत. २००९ च्या मंदीत राज्याने कॅम्पसाठीचे पैसे थांबवले होते, ते २०२१ मध्ये परत सुरू केले. बे एरियातल्या जुन्या पालकांकडून ‘रीजनल सेंटर कॅम्पला पैसे देत नाही’ असं ऐकलंत, तर ती माहिती त्या मधल्या काळातली आहे. मुलाच्या आयपीपीत, म्हणजे सेवांच्या आराखड्यात, कॅम्पचा उल्लेख करून घ्या.

बाकीच्या राज्यांत मेडिकेडचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, वेव्हर असतात: नेहमीच्या नियमांत सूट देऊन घरी सेवा देणाऱ्या योजना. त्यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयोवातली केटी बेकेट ही लहान मुलगी श्वासाच्या यंत्रावर होती. हॉस्पिटलात राहिली तर मेडिकेड पैसे देणार, घरी नेली तर नाही, असा उफराटा नियम होता. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी तिचं उदाहरण जाहीरपणे दिलं आणि नियमाला वाट फुटली. आज अनेक राज्यांत आईवडिलांचं उत्पन्न न मोजता, फक्त मुलाची गरज पाहून मेडिकेड मिळतं, ते त्यातूनच. पेनसिल्व्हेनियात तर आईवडिलांचं उत्पन्न चांगलं असलं तरी अपंगत्व असलेल्या मुलाला मेडिकल असिस्टन्स, म्हणजे तिथलं मेडिकेड, मिळू शकतो.

वेव्हरमध्ये ‘कॅम्प’ हा शब्द न सापडला तर ‘रेस्पाइट’ शोधा. रेस्पाइट म्हणजे सांभाळणाऱ्याला विसावा. राहण्या-जेवणाचा खर्च मेडिकेड सहसा देत नाही, पण राज्याने मान्य केलेल्या जागी रेस्पाइट असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणून निवासी कॅम्पचं बिल अनेकदा याच नावाखाली लागतं. वेव्हरच्या रांगा मात्र लांबलचक. टेक्सासमध्ये काही याद्यांवर दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. मूल तीन वर्षांचं असलं तरी नाव आजच नोंदवा, गरज पडली नाही तर सोडता येतं.

आणखी एक. मंजुरी येण्याआधी स्वतःच्या कार्डावरून पूर्ण फी भरून टाकू नका. बहुतेक सरकारी योजना कॅम्पला थेट पैसे देतात आणि आधी भरलेले परत करत नाहीत. जागा राखण्यासाठी डिपॉझिट भरा आणि ते परत मिळतं का ते लेखी घ्या.

व्हिसावर आहोत, मागितलं तर ग्रीन कार्ड अडकेल?

हा प्रश्न दबक्या आवाजात सगळेच विचारतात. कॅम्पची स्वतःची शिष्यवृत्ती, एल्क्स किंवा रोटरीची देणगी, मोफत कॅम्प, हे सगळं खासगी आहे. त्याचा ‘पब्लिक चार्ज’शी, म्हणजे अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का या ग्रीन कार्डच्या तपासणीशी, संबंध नाही. शाळेची ईएसवाय ही शिक्षणाची सेवा आहे, तिचाही नाही. प्रश्न उरतो तो मेडिकेडसारख्या सरकारी मदतीचा. २०२२ च्या नियमात मोजली जात होती ती रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ ठेवणं. घरी राहून मिळणाऱ्या सेवा त्यात धरल्या जात नव्हत्या. पण हे नियम सरकारबरोबर बदलतात, त्यामुळे सरकारी अर्जावर सही करण्याआधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथे दहा जण दहा गोष्टी सांगतील आणि त्यातल्या आठ भीतीपोटी असतील.

पाचवी पायरी: कॅम्पकडे मदतीचा अर्ज

यासाठी लागणारी कागदपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा: मागच्या वर्षीच्या १०४० ची, म्हणजे टॅक्स रिटर्नची, पहिली दोन पानं, डब्ल्यू-२ हा कंपनीचा वर्षाच्या पगाराचा दाखला, अलीकडच्या पे स्लिप, निदानाचं पत्र, आयईपी, शारीरिक तपासणीचा फॉर्म आणि लसीकरणाची नोंद. भारतातल्या डॉक्टरांची लसीकरणाची वही असेल तर इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून ती राज्याच्या फॉर्मवर उतरवून घ्या. नुकतेच आला असाल आणि १०४० भरलेलाच नसेल तर कंपनीचं ऑफर लेटर आणि पे स्लिप चालतात का ते विचारा, बहुधा चालतात.

आता खरी अडचण. उत्पन्नाचा आकडा कागदावर चांगला दिसतो आणि अर्ज वाचणाऱ्याला वाटतं, यांना कशाला मदत? त्याला जे दिसत नाही ते ‘विशेष परिस्थिती’ किंवा ‘आणखी काही सांगायचं आहे का’ या चौकटीत लिहायचं. मराठी कुटुंबं ही चौकट रिकामी सोडतात. घरचं रडगाणं लोकांपुढे कशाला, असा आपला स्वभाव. पण पुण्याच्या घराचा हप्ता, गावी आईच्या डायलिसिससाठी दरमहा जाणारे पैसे, एच-४ या आश्रित व्हिसावर असल्यामुळे काम करता न येणारा जोडीदार, इन्शुरन्सने नाकारलेली थेरपी हे सगळं खरं आहे आणि आकड्यांत सांगता येतं.

पत्र एका पानाचं पुरे. इंग्रजीत लिहायचंच आहे, पण मजकूर साधारण असा:

‘आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे. तो बोलत नाही, टॅबलेटवर बोटाने चित्रं दाखवून सांगतो. मागच्या उन्हाळ्यात थेरपी थांबली तेव्हा त्याने टॅबलेट हातात घेणं सोडलं. तुमच्या कॅम्पमध्ये दिवसभर हीच पद्धत वापरतात म्हणून आम्ही अर्ज करत आहोत. आमचं एकच उत्पन्न आहे. दरमहा १,४०० डॉलर थेरपीवर आणि ६०० डॉलर भारतात आईच्या उपचारांवर जातात. ४,८०० पैकी आम्ही २,००० भरू शकतो. मे, जून, जुलै असे तीन हप्ते दिले तर सोयीचं होईल.’

यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसरं. आपण किती देऊ शकतो ते सांगणाऱ्या अर्जावर समितीला निर्णय घेणं सोपं जातं. ‘जमेल तेवढी मदत करा’ असं मोघम लिहिलं की अर्ज बाजूला पडतो.

काही कॅम्प तीन पातळ्यांची फी ठेवतात आणि कोणती भरायची ते तुमच्यावर सोडतात. कागद मागत नाहीत. आपले लोक संकोचाने सर्वांत वरची निवडतात आणि मग दोन आठवड्यांऐवजी एकच आठवडा पाठवतात. मधली पातळी मधल्या परिस्थितीसाठीच आहे. ती घ्या.

कॅम्पचा निधी संपला असेल तर गावातल्या लायन्स, रोटरी, किवानिस क्लबला आणि द आर्क या दिव्यांगांसाठीच्या संस्थेच्या स्थानिक शाखेला तेच पत्र पाठवा. महाराष्ट्र मंडळाच्या समितीलाही विचारायला हरकत नाही. गणपतीच्या वर्गणीतून थोडं शिल्लक राहतं, आणि आजवर कोणी मागितलं नाही म्हणूनही दिलं गेलेलं नसतं.

इन्शुरन्सकडून काय निघतं

कॅम्प म्हणून क्लेम पाठवला तर नाकारतात. थेरपी म्हणून पाठवला तर विचार होतो. लायसन्स असलेल्या थेरपिस्टने प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचं सुपरबिल, म्हणजे इन्शुरन्ससाठीचं तपशीलवार बिल, कॅम्पकडून मागा. त्यावर निदानाचा कोड, तारीख, थेरपिस्टचा क्रमांक आणि सेवेचा कोड हवा: स्पीचसाठी ९२५०७, ऑक्युपेशनल किंवा फिजिकल थेरपीसाठी बहुधा ९७५३०, एबीए या वर्तन थेरपीसाठी ९७१५३. सोबत बालरोगतज्ज्ञांचं लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी, म्हणजे थेरपी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची असल्याचं पत्र. प्री-ऑथरायझेशन, म्हणजे आगाऊ मंजुरी, लागतं का ते कॅम्प सुरू होण्याआधीच फोन करून विचारा आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या.

‘आमच्या राज्यात ऑटिझमचा कायदा आहे’ असं म्हणून भागत नाही. मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुधा सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे क्लेमचे पैसे कंपनी स्वतः भरते, आणि त्यांना ऑटिझमच्या थेरपीला कव्हर द्यायला लावणारा राज्याचा तो कायदा लागू होत नाही. प्लॅन कोणत्या प्रकारचा आहे ते एचआरला विचारा. सेल्फ-फंडेड असेल तर नकारानंतरचं अपील इन्शुरन्स कंपनीबरोबर एचआरकडेही न्यायचं. पैसे शेवटी कंपनीचेच असतात, त्यामुळे तिथे कधीकधी शब्दाला वजन येतं.

टॅक्समधली बचत

डे कॅम्पचा खर्च डिपेंडंट केअर एफएसए या नोकरीतून मिळणाऱ्या खात्यातून करमुक्त पैशाने भरता येतो. मर्यादा वर्षाला ५,००० डॉलर होती, २०२६ पासून ७,५०० आहे, पण तुमच्या कंपनीने ती वाढवली आहे का ते पाहा. रात्रीच्या मुक्कामाचा कॅम्प यात बसत नाही. एरवी मूल १३ वर्षांखालचं लागतं, पण स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मुलाला वयाची अट नाही. पंधरा वर्षांच्या मुलासाठी हा खर्च दाखवता येतो, हे अनेक अकाउंटंटनाही सांगावं लागतं.

एफएसए नसेल तर टॅक्स रिटर्नसोबतच्या फॉर्म २४४१ वरचं क्रेडिट, म्हणजे करातली सूट, आहे. एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च त्यात धरतात आणि उत्पन्नानुसार त्याच्या किमान २० टक्के मिळतात. एकच खर्च दोन्हीकडे दाखवता येत नाही.

आता एच-४ ची मेख: या दोन्ही सोयींसाठी आई आणि वडील दोघंही कमावते किंवा काम शोधणारे हवेत. जोडीदार एच-४ वर असेल आणि कामाची परवानगी नसेल तर हे मिळत नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर मिळू शकतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओपन एनरोलमेंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या सुविधा निवडायच्या मुदतीत, एफएसएत पैसे टाकण्याआधी हे तपासा, कारण न वापरलेले पैसे बुडतात.

कधी काय करायचं

सप्टेंबर-ऑक्टोबरात राज्याच्या पात्रतेचे कागद, नोव्हेंबरात एफएसए, डिसेंबर-जानेवारीत कॅम्पची नोंदणी आणि मदतीचा अर्ज एकदमच, वसंतात आयईपीच्या मीटिंगमध्ये ईएसवाय. मदतीचा निधी आधी येणाऱ्यांना मिळतो, मार्चनंतर उरतं ते थोडं. उशीर झाला असेल तरी जूनमध्ये एक फोन करा. कोणी आयत्या वेळी रद्द करतं आणि त्यांची कॅम्परशिप मोकळी होते.

दोन ठिकाणी सावध राहा. ‘थेरप्यूटिक’ हे नाव लावून किशोरवयीन मुलांना जंगलात महिनोन् महिने ठेवणारे, कर्ज काढायला लावणारे कार्यक्रमही आहेत. तो प्रकारच वेगळा. अशा ठिकाणी मुलं दगावल्याचं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये मांडलं होतं. राज्याचं लायसन्स आणि अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरं, गावातला साधा डे कॅम्प ‘तुमच्या मुलाला डायबेटिस आहे, जास्त पैसे पडतील’ म्हणाला, तर एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली वाजवी सोयींसाठी असा जादा आकार लावता येत नाही. धार्मिक संस्थांना या कायद्यातून सूट आहे, बाकीच्यांना हे नम्रपणे ईमेलवर लिहून कळवा.

कॅम्प संपला की ऑगस्टमध्येच ऑफिसकडून तीन कागद घ्या: भरलेल्या पैशांची पावती, कॅम्पचा टॅक्स आयडी आणि मुलाने काय काय केलं याचा थेरपिस्टचा अहवाल. पहिले दोन फॉर्म २४४१ ला लागतात. तिसरा शरद ऋतूतल्या आयईपी मीटिंगला न्या आणि पुढच्या वर्षीच्या मदतीच्या अर्जालाही जोडा.